शाळेचं नाव बदलायचं का? गुलामांच्या मालकांची नावं असलेल्या अमेरिकी शाळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही व्हर्जिनियात घर शोधत होतो तेव्हा शाळेचं रेटिंग पाहिलं, बस कुठे थांबते ते पाहिलं, नावाकडे लक्षही गेलं नाही. मुलगी नववीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात शाळेचा हूडी घालून घरी आली. छातीवर ठळक अक्षरांत एका सेनापतीचं आडनाव. "आई, हा माणूस कोण होता?" मला सांगता येईना. मग दोघींनी बसून वाचलं. माणसं विकत घेण्याचा हक्क टिकावा म्हणून उभ्या राहिलेल्या सैन्याचा तो सेनापती. आणि मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे पूर्वज याच राज्यात विकले गेले होते. तीही तोच हूडी घालत होती.

पुढे त्या शाळेचं नाव बदललं. मधल्या काळात मी स्कूल बोर्डाच्या बैठकांना बसले, पालकांच्या समितीत काम केलं. मंडळाच्या गणपतीत, रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना, व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत लपवलेलं नाही. शाळेला नाव देणं म्हणजे त्या माणसाला मान देणं, आणि दिलेला मान परत तपासता येतो, असं मला वाटतं. मात्र तपासायचा तर नीट अभ्यास करून तपासावा.

हा वाद नेमका कोणत्या शाळांचा आहे?

यात दोन गट आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर चर्चा पहिल्या पाच मिनिटांत भरकटते.

पहिला गट कॉन्फेडरसीच्या नेत्यांचा. १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा हा संघ. रॉबर्ट ई. ली, स्टोनवॉल जॅक्सन, जेब स्टुअर्ट, जेफरसन डेव्हिस ही त्यातली नावं. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये मोजदाद केली तेव्हा अशा नेत्यांच्या नावाच्या १०९ सरकारी शाळा होत्या.

दुसरा गट देशाच्या संस्थापकांचा: जॉर्ज वॉशिंग्टन, थॉमस जेफरसन, जॉर्ज मेसन. यांच्याही मालकीची माणसं होती. पण त्यांची नावं शाळांना का दिली गेली, याचं उत्तर पहिल्या गटापेक्षा वेगळं आहे.

प्रमाण लक्षात यावं म्हणून एकच आकडा देते. १८६०च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसं गुलामीत होती.

इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही, मग आत्ताच का?

वाटत होतं. विचारलं कुणी नव्हतं. ज्यांना खटकत होतं त्यांना ही नावं ठरली तेव्हा त्या शाळांत प्रवेशच नव्हता, मग बोर्डावर बसणं तर दूरच.

आणि "आत्ताच" हेही खरं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या स्कूल बोर्डानं १९९२ मध्येच धोरण ठरवलं की ज्यानं माणसं गुलामीत ठेवली त्याचं नाव शाळेला असणार नाही. त्या धोरणानुसार १९९७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावाच्या एका प्राथमिक शाळेला डॉ. चार्ल्स ड्रू यांचं नाव मिळालं. ड्रू हे कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक. रक्तातला प्लाझ्मा साठवून रक्तपेढ्या चालवण्याचं शास्त्र त्यांनी घडवलं, आणि गोऱ्यांचं रक्त वेगळं, काळ्यांचं वेगळं साठवण्याच्या तेव्हाच्या रीतीला त्यांनी उघड विरोध केला.

देशभर जोर आला तो नंतर. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्यानं नऊ कृष्णवर्णीयांना मारलं, २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये लीचा पुतळा वाचवायच्या नावाखाली गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी मोर्चे काढले आणि हिंसाचार झाला, २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाली. प्रत्येक वेळी लोकांनी आपल्या गावातल्या पाट्यांकडे नव्यानं पाहिलं.

ही नावं दिली कधी? युद्ध संपल्यावर लगेच?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात. तुमच्या शाळेचं नाव वादात सापडलं तर आधी शाळेची कोनशिला शोधा आणि त्यावरचं साल वाचा.

कॉन्फेडरसी आणि उरलेली अमेरिका यांच्यातलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. आता ही तीन सालं पाहा. व्हर्जिनियात शेनांडोआ काउंटीतलं स्टोनवॉल जॅक्सन हायस्कूल, १९५९. फेअरफॅक्स काउंटीतलं जेब स्टुअर्ट हायस्कूल, १९५९. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलचं नेथन बेडफर्ड फॉरेस्ट हायस्कूल, तेही १९५९. युद्ध संपून ९४ वर्षं झाल्यावर एकदम या सेनापतींची आठवण कशी आली?

मधे १७ मे १९५४ आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्राउन खटल्यात निकाल दिला की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेला धरून नाही. व्हर्जिनियाच्या राजकारण्यांनी या निकालाशी उघड लढा पुकारला. १९५८ मध्ये राज्य सरकारनं फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉरफोकमधल्या ज्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना घ्यावं लागणार होतं, त्या शाळांना कुलूप लावलं. प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर १९५९ ते १९६४, तब्बल पाच वर्षं, सगळ्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या. कृष्णवर्णीय मुलांपैकी कित्येकांचं शिक्षण तिथेच थांबलं. पहिलीत जायच्या वयाचं मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत शाळेचं तोंड पाहत नाही, हे एक आई म्हणून मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

याच काउंटीत फार्मव्हिल गावी १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं आपल्या शाळेत संप घडवून आणला होता. कृष्णवर्णीय मुलांची ती शाळा इतकी भरली होती की डांबरी कागद ठोकलेल्या झोपडीवजा खोल्यांत वर्ग भरत. त्या संपातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला.

हे सगळं चालू असताना नव्या शाळेच्या दारावर कॉन्फेडरसीच्या सेनापतीचं नाव लावणं म्हणजे "ही शाळा तुमची नाही" असं दारातच लिहून ठेवणं होतं. फॉरेस्टचं उदाहरण तर फारच उघड आहे. हा माणूस मेम्फिसमध्ये गुलामांचा व्यापारी होता. १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथे त्याच्या सैन्यानं कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल केली. युद्धानंतर तो कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गुप्त संघटनेचा पहिला प्रमुख झाला. युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेनं आग्रह धरून हे नाव लावून घेतलं. पुढे त्या शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय होती, तरी २०१४ पर्यंत पाटीवर फॉरेस्टच होता. आता ते वेस्टसाइड हायस्कूल आहे.

पण ली स्वतः गुलामगिरीच्या विरोधात होता ना?

हे मीही ऐकलं होतं, आणि सुरुवातीला खरंही मानलं होतं. १८५६च्या एका पत्रात त्यानं गुलामगिरीला नैतिक आणि राजकीय अनिष्ट म्हटलंय, एवढं खरं. त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की कृष्णवर्णीय लोक आफ्रिकेपेक्षा इथे बऱ्या स्थितीत आहेत आणि त्यांना भोगावी लागणारी कठोर शिस्त त्यांच्या उन्नतीसाठी गरजेची आहे. लोक पहिलं वाक्य सांगतात आणि पत्र मिटतात.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी दाखवायला नेतो. टेकडीवर खांबांचं मोठं घर आहे, ते लीच्या सासऱ्यांचं. सासरे १८५७ मध्ये वारले. आपल्या मालकीच्या माणसांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावं, असं त्यांच्या मृत्युपत्रात होतं आणि ते अमलात आणायची जबाबदारी लीवर होती. लीनं मुदत वाढवून घेण्यासाठी कोर्टात धाव घेतली. वेस्ली नॉरिस, त्याची बहीण आणि एक भाऊबंद १८५९ मध्ये तिथून पळाले आणि पकडले गेले. नॉरिसनं १८६६ मध्ये जाहीर साक्ष दिली: लीनं आपल्याला पन्नास फटके मारायला लावले आणि नंतर पाठीवर मिठाचं पाणी ओतायला सांगितलं. ली तिथे उभा होता. त्या माणसांची सुटका झाली ती डिसेंबर १८६२ मध्ये, पाच वर्षं पुरी उलटल्यावर.

मग वॉशिंग्टन आणि जेफरसन यांचीही नावं काढायची का? हे थांबणार कुठे?

प्रश्न रास्त आहे, टाळू नये.

आधी वस्तुस्थिती. वॉशिंग्टन अकरा वर्षांचे असताना वडील गेले आणि वारशात त्यांना माणसं मिळाली. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ माणसं गुलामीत होती, त्यांतली १२३ खुद्द त्यांच्या मालकीची. त्या १२३ जणांच्या मुक्ततेची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. पण ओना जज ही तरुणी १७९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून पळून न्यू हॅम्पशरला गेली, तेव्हा तिला परत आणायचे प्रयत्न त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत. जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलामीत ठेवली. "सर्व माणसं समान जन्मतात" हे वाक्य लिहिलं त्यांनीच. ते गेल्यावर सहा महिन्यांनी, जानेवारी १८२७ मध्ये, कर्ज फेडण्यासाठी माँटिचेलो या त्यांच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव झाला.

मी लावते ती कसोटी अशी: मान कशासाठी दिला? वॉशिंग्टन यांचं नाव शाळेला दिलं ते देश उभा केला म्हणून. ली किंवा जॅक्सनच्या आयुष्यातून ते युद्ध वजा करा, त्यांच्या नावाची शाळा निघाली असती का? येल विद्यापीठानं २०१६ मध्ये नेमलेल्या समितीनंही जवळपास हाच विचार मांडला, की त्या व्यक्तीचा मुख्य वारसा काय ते आधी पाहा. त्यानंतर २०१७ मध्ये जॉन कॅल्हून या एकोणिसाव्या शतकातल्या दक्षिणेकडच्या राजकारण्याच्या नावाच्या निवासी कॉलेजला संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं नाव दिलं गेलं. गुलामगिरी हे "भलं" आहे, असं कॅल्हूननं सिनेटमध्ये ठासून सांगितलं होतं. तो त्याच्या राजकारणाचा गाभा होता.

या कसोटीनं मी वॉशिंग्टन यांचं नाव ठेवीन, मात्र शाळेत ओना जजची गोष्ट शिकवली जात असेल तरच. जेफरसनबद्दल माझं मन आजही दोन्हीकडे ओढतं. आणि शेजारी शेजारी राहणारे लोकही वेगवेगळ्या निर्णयावर येतात. फॉल्स चर्च शहरानं २०२१ मध्ये जॉर्ज मेसन हायस्कूलचं मेरिडियन आणि थॉमस जेफरसन प्राथमिक शाळेचं ओक स्ट्रीट केलं. तिथून गाडीनं थोड्याच अंतरावर असलेल्या आर्लिंग्टनमध्ये वॉशिंग्टन-ली हायस्कूलनं २०१९ मध्ये ली काढला आणि वॉशिंग्टन ठेवले. दोन्ही ठिकाणी माणसांनी विचार केला होता. न्यू ऑर्लीन्समधल्या आईवडिलांनी वॉशिंग्टन यांचंही नाव नको म्हटलं, तर त्यांना चूक ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

नाव काढलं की इतिहास पुसला जातो, त्याचं काय?

मुलगी त्या नावाच्या शाळेत दोन वर्षं शिकली. त्या दोन वर्षांत तो सेनापती कोण होता हे तिला शाळेनं एकदाही सांगितलं नाही. सांगितलं ते नाव बदलायची चर्चा सुरू झाल्यावर. पाटीनं इतिहास शिकवला असता तर मला तिच्यासोबत बसून वाचावं लागलं नसतं.

आणि खरोखर पुसल्या गेलेल्या नावांबद्दल क्वचितच कुणी बोलतं. साठ-सत्तरच्या दशकांत शाळा एकत्र झाल्या तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीयांची कितीतरी हायस्कूलं बंद केली गेली किंवा त्यांच्या मिडल स्कूल झाल्या. त्यांची नावं, त्यांची गाणी, कपाटातल्या ट्रॉफ्या, सगळं गेलं. त्या वेळी वारसा जपा म्हणून गावं रस्त्यावर आली नव्हती.

ज्यानं स्वतःच्या पैशानं शाळा काढली, त्याचं नाव कसं काढणार?

याला उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं आहे. एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्यानं १७१० मध्ये तिथे शाळा काढली. त्याची मिळकत काही अंशी रॉयल आफ्रिकन कंपनीतून आली होती. तो कंपनीत होता त्या काळात कंपनीनं सुमारे ८४,००० आफ्रिकी माणसं जहाजांतून नेली आणि त्यांतली १९,००० वाटेतच मेली. ७ जून २०२० रोजी लोकांनी त्याचा पुतळा उखडून बंदराच्या पाण्यात ढकलला. त्याच वर्षी कोल्स्टन्स गर्ल्स स्कूलनं मॉन्टपेलियर हायस्कूल हे नाव घ्यायचं ठरवलं, आणि त्यानं स्वतः काढलेली शाळा २०२२ पासून कॉलेजिएट स्कूल झाली.

शाळेनं देणगीदाराचा उल्लेख आपल्या इतिहासात जरूर ठेवावा, रक्कम आणि ती कुठून आली यांसकट. रोज सकाळी मुलांनी तो नावानं मिरवावा, हे देणगीच्या पावतीत लिहिलेलं नसतं.

सॅन फ्रान्सिस्कोत या सगळ्याचा विचका झाला, ते काय प्रकरण होतं?

बे एरियातले मित्र हेच उदाहरण तोंडावर फेकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या बोर्डानं एका फटक्यात ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला. यादीत वॉशिंग्टन आणि जेफरसन होते, आणि चक्क अब्राहम लिंकनही. लिंकनविरुद्धचा मुद्दा होता १८६२ मध्ये मिनेसोटात डकोटा या मूळनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना दिलेल्या फाशीचा. तो मुद्दा पोकळ नाही. पण समितीनं एकाही इतिहासकाराला बोलावलं नव्हतं. पॉल रिव्हिअर या स्वातंत्र्ययुद्धातल्या नायकाच्या बाबतीत तर १७७९च्या पेनॉबस्कॉट मोहिमेचा अर्थच उलटा लावला. ती मोहीम ब्रिटिशांविरुद्ध होती, समितीला वाटलं पेनॉबस्कॉट या मूळनिवासी लोकांची जमीन बळकावण्यासाठी होती. त्यात कोविडमुळे शाळा बंद. मुलं घरात स्क्रीनसमोर बसलेली आणि बोर्ड पाट्यांवर वेळ घालवतंय, हे पाहून पालक भडकले. एप्रिलमध्ये ठराव मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी बोर्डाच्या तीन सदस्यांना पदावरून काढलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण हे एक होतंच.

नाव बदलावं असं मानणाऱ्यांचं तिथे झालं तेवढं नुकसान विरोधकांनीही कुठे केलं नसेल. एक चुकीचा संदर्भ दिला की बाकीच्या त्रेचाळीस शाळांबद्दलचं खरंही कुणी ऐकून घेत नाही. आमच्या समितीत म्हणूनच नियम केला होता की प्रत्येक विधानामागे मूळ कागद हवा. शाळेच्या नामकरणाच्या वेळचं बोर्डाचं इतिवृत्त काउंटीच्या दप्तरात मिळतं. जाऊन मागायचं, देतात.

निर्णय कोण घेतं? पालकांना मत असतं का?

बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं स्कूल बोर्ड. आधी समिती, मग सर्वेक्षण, जाहीर सुनावणी, शेवटी मतदान. सुनावणीत बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं आणि दोन-तीन मिनिटं मिळतात. लिहून न्या, घरी घड्याळ लावून वाचून पाहा. बोर्डाला आकडेवारी आधीच ठाऊक असते. तुमचं मूल त्या दारातून रोज जातं, ते फक्त तुम्ही सांगू शकता.

काही राज्यांत बोर्डाचे हात कायद्यानं बांधलेले आहेत. अलाबामात २०१७च्या कायद्यानुसार जुनी स्मारकं आणि नावं बदलली तर २५,००० डॉलर दंड आहे. माँटगोमेरीच्या बोर्डानं २०२२ मध्ये तरीही ली आणि जेफरसन डेव्हिस यांची नावं आपल्या दोन हायस्कूलांवरून काढली. लीच्या जागी त्याच शहरात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन आले.

खर्च किती येतो? तो पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्च करू नये का?

ह्यूस्टनमध्ये २०१६ मध्ये आठ शाळांसाठी सुमारे १२ लाख डॉलर मंजूर झाले होते. पाटी, जिमच्या फरशीवर रंगवलेली अक्षरं, स्कोअरबोर्ड, खेळाडूंचे आणि बँडचे गणवेश, लेटरहेड अशी यादी वाढत जाते. गणवेश तसेही काही वर्षांनी बदलावे लागतात, त्या वर्षाशी सांधा जुळवला तर खर्च बराच उतरतो. शिक्षकांच्या पगाराचा मुद्दा मी मनापासून मानते. फक्त एक पाहावं, हा मुद्दा मांडणारे एरवी पगारवाढीच्या बैठकीला येतात का.

नवं नाव कसं निवडावं?

घाई करू नये आणि पळवाट काढू नये. सॅन अँटोनियोत रॉबर्ट ई. ली हायस्कूलचं नाव बदलताना नवं नाव असं जुळवलं की इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं पुन्हा "ली" अशीच वाचली जावीत. अर्थ म्हणे "शैक्षणिक उत्कृष्टतेचा वारसा". मला हे अजिबात पटलं नाही. ज्यांच्यासाठी नाव बदललं त्यांच्या कानावर अजूनही "ली"च पडतं. याउलट आर्लिंग्टननं वॉशिंग्टन-ली बदलून वॉशिंग्टन-लिबर्टी केलं. जुन्या विद्यार्थ्यांचं लाडकं "डब्ल्यू-एल" टिकलं आणि ली गेला. जेब स्टुअर्ट हायस्कूलचं २०१८ मध्ये जस्टिस हायस्कूल झालं. त्या एका शब्दामागे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थर्गुड मार्शल आहेत, दुसऱ्या महायुद्धात लढलेले कर्नल लुईस मेंडेझ आहेत आणि फार्मव्हिलची ती सोळा वर्षांची बार्बरा जॉन्सही.

नदीचं, रस्त्याचं, टेकडीचं नाव ठेवलं की पुन्हा वाद नको, असं काहींना वाटतं. चालेल. पण मुलांना कुणीतरी चांगलं माणूस नावात मिळावं, अशी माझी तरी इच्छा असते.

एकदा बदललेलं नाव पुन्हा जुनं करता येतं?

येतं, आणि झालंही आहे. शेनांडोआ काउंटीनं २०२० मध्ये स्टोनवॉल जॅक्सन हायस्कूलचं माउंटन व्ह्यू आणि अ‍ॅशबी-ली प्राथमिक शाळेचं हनी रन केलं. मे २०२४ मध्ये नव्या बोर्डानं पाच विरुद्ध एक मतांनी दोन्ही जुनी नावं परत लावली. लोकांना न विचारता, महामारीच्या काळात घाईनं बदल केला, असं तिथल्या पुष्कळ जणांचं म्हणणं होतं. हे गाऱ्हाणं मला समजतं. त्यावर उपाय म्हणून लोकांना विचारा, सहा महिने लावा, पण शाळेत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या छातीवर जॅक्सनचं नाव पुन्हा चिकटवू नका. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना आणि काही विद्यार्थी त्याच वर्षी कोर्टात गेले. संघात खेळायचं तर ते नाव अंगावर घालावंच लागतं, हा त्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा.

आपण बाहेरून आलेले. आपण यात कशाला पडायचं?

१९४६च्या कायद्यानं भारतातून वर्षाला फक्त शंभर जणांना इथे स्थायिक व्हायची मुभा होती. देशांनुसार भेदभाव करणारी ती पद्धत १९६५ मध्ये गेली, नागरी हक्कांच्या कायद्यानंतर एका वर्षानं, त्याच चळवळीच्या रेट्यात. आपल्याला या देशाचं दार उघडलं ते ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यामुळे. त्यांच्या नातवंडांच्या शाळेचा प्रश्न "त्यांचा" म्हणून सोडून देणं मला जमलं नाही.

आणि मराठी माणूस तर या विषयात कधीच बाहेरचा नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रो लोकांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेबद्दल. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी तिथेच लिहिली आहे. अमेरिकेत गुलामगिरी घटनेनं बंद होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला ती लढाई आपली वाटली होती.

भारताचा आणखी एक धागा आहे. ज्याच्या देणगीमुळे येलला नाव मिळालं तो एलिहू येल मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात त्या बंदरातूनही माणसं गुलाम म्हणून जहाजांवर चढवली जात.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराशी याची तुलना होऊ शकते का?

थोडीफार. तिथे कुणाचं नाव काढायचं नव्हतं, बाबासाहेबांचं द्यायचं होतं. पण १९७८च्या ठरावानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले आणि १४ जानेवारी १९९४ उजाडायला जी सोळा वर्षं लागली, ते पाहिलेल्या माणसाला "नुसत्या नावानं काय होतं" असं कुणी म्हटलं तर उत्तर शोधावं लागत नाही.

लहान मुलांना हे कसं सांगायचं?

खरं तेच, त्यांच्या वयाला पेलेल एवढं. "या माणसानं दुसऱ्या माणसांना विकत घेतलं होतं, आणि त्यांना घरी जाऊ दिलं नाही." सात वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. मी "गुलाम" म्हणण्याऐवजी "गुलामीत ठेवलेली माणसं" म्हणते. वाक्य लांब होतं, पण मग मूल आपसूक विचारतं, "कुणी ठेवलं?"

जुन्या नावाच्या वस्तूंचं काय करायचं? पदवी, ट्रॉफ्या, कपडे?

पदवी वैध राहते, काळजी नको. ट्रॉफ्या मुलांनी धावून, खेळून मिळवलेल्या आहेत, त्या कपाटात सन्मानानं राहू द्या. आमच्या शाळेनं जुनी पाटी ग्रंथालयात ठेवली आहे, शेजारी नामकरणाच्या ठरावाची प्रत आणि त्याची तारीख. भिंतीवरची पितळी अक्षरं काढली तेव्हा विटांवर त्यांचे फिकट ठसे राहिले होते. पुढे कित्येक महिने, ऊन तिरपं पडलं की नाव तसंच्या तसं वाचता यायचं. मुलं थांबून बोटानं अक्षरं लावायची आणि आत जायची.

हूडी आमच्याकडेच आहे. मुलीनं तो मैत्रिणीला विचारून ठेवला, ती म्हणाली राहू दे. माळ्यावर एका डब्यात आहे, खिशात नवव्या इयत्तेचं वेळापत्रक अजून तसंच.